पाचोळ्याचा तास

“माझा पाचोळा कुठाय?”

घरातलं कपाट चोरीला गेल्यासारखं आईनं विचारलं.

समोर लेक कमरेवर हात ठेवून उभी. तोंड सतत चालू, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. चेहरा असा, की आता शाबासकी मिळणारच. सकाळी लवकर येऊन तिनं शाळेच्या बागेचा मागचा कोपरा लख्ख झाडला होता. वाळकी सूर्यफुलं उपटली, गळलेली पानं तीन पोत्यांत कोंबली. आई शाळेत माळीकाम करायची, आणि आज तिसऱ्या तासाला विज्ञानाचे सर टकळीचाच वर्ग घेऊन बाग बघायला येणार होते. आईला कुणी हसू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

“अगं, केवढा पसारा होता! सगळे म्हणाले असते, माळीणबाई आळशी आहेत.”

“सर तो पसाराच बघायला येतायत, बये.”

टकळीच्या तोंडाला कुलूप लागलं. असं आजवर फारसं घडलं नव्हतं.

आई रागावली नाही, हेच वाईट. तिनं एक पोतं आडवं केलं आणि गुडघे टेकून मूठमूठ पानं परत पसरायला घेतली.

“ओतू नकोस गं. हळूच. आत झोपलेत सगळे.”

दर पानगळीत आई तो कोपरा तसाच सोडायची. का, ते टकळीनं कधी विचारलंच नव्हतं. आता पानांतून एक गलेलठ्ठ बेडूक निघाला, काळ्या ठिपक्यांचे लाल किडे निघाले. सूर्यफुलाच्या दांड्याला फुलपाखराचे दोन कोष होते. एक चेपला होता. आईनं तो तळहातावर घेतला, बघितला आणि मातीवर ठेवला.

वर्ग आला तेव्हा दीड पोतं बाकी होतं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, “हिची आई कचरा पसरतेय!”

टकळीचे कान तापले. ती ताडकन उठली.

“कचरा नाही, घर आहे ते. मी मोडलं. मला अक्कल नव्हती म्हणून. आई परत लावतेय, कारण तिला येतं. तुला येतं का?”

हसणारा दोन पावलं मागे सरकला. आई दुसऱ्या कोषाचा दांडा सुतळीनं कुंपणाला बांधत होती.

“हा कधी उघडणार?” कुणीतरी विचारलं.

“थंडी सरली की. तोवर हात लावायचा नाही. सरांनीसुद्धा.”

सगळे हसले, सरही.

“आणि बरं का, तो बेडूक ना—” टकळीनं तोंड उघडलं.

“ए टकळे, गप्प,” आई म्हणाली. “माझा तास चाललाय.”

टकळी मुकाट्यानं पहिल्या रांगेत जाऊन बसली. एवढ्या ऐटीत ती कुठल्याच तासाला बसली नव्हती. शेजारी सर उकिडवे बसले होते, वही गुडघ्यावर.

“जरा सावकाश सांगा, बाई,” ते म्हणाले. “लिहून घेतोय.”