डाव्या खांद्याची रायफल

थेल्मा ओस्टबीनं ती रायफल उचलली, सवयीनं उजव्या खांद्याला लावली आणि तोंड वाकडं केलं. दस्ता गालापाशी बसायलाच तयार नव्हता.

"दोन वर्षं झाली, जो येतो तो असंच तोंड करतो," टेबलामागून एमेट प्रुइट म्हणाला. "माझ्या काकाच्या हातची आहे. असल्या तीनच केल्या त्यानं. पण म्हातारा पक्का डावखुरा! दस्ता आपल्यापुरता वळवला, बाकी दुनिया गेली खड्ड्यात."

थेल्माचं बोट वळवलेल्या दस्त्यावरून फिरलं. डावखुरा!

रायफल क्लबचा तो जुन्या बंदुका विकायचा शनिवार. मोंटानातला तो अख्खा तालुका हॉलमध्ये लोटला होता. निम्मे बंदुकांपाशी, निम्मे चर्चच्या बायकांनी सफरचंद भरून भाजलेल्या 'पाय'पाशी. थेल्मा बासष्टची. गुरं सांभाळणारी, दर ऑक्टोबरात एल्कच्या, त्या थोरल्या सांबरांच्या, मागे डोंगर चढणारी बाई. बंदुकीतलं तिला कुणी शिकवावं, अशी त्या हॉलमध्ये कुणाची टाप नव्हती. आणि ही बाई एप्रिलपासून एक गोष्ट पोटात दडवून बसली होती. तिच्या उजव्या डोळ्यातली रक्तवाहिनी तुंबली होती आणि त्या डोळ्यापुढे नुसतं धुकं होतं. "हे आता परत यायचं नाही," असं बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं.

डावा डोळा मात्र ससाण्याचा होता. अडत होतं ते तिच्या रायफलीपाशी. डाव्या डोळ्यानं नेम धरायचा तर रायफल डाव्या खांद्याला हवी, आणि तिचा काडतूस भरायचा खटका उजवीकडे. डाव्या खांद्यावरून झाडायची म्हटली की हाताची नुसती तारांबळ. ह्या एकगोळी रायफलीला तो तापच नव्हता. खालची दांडी ओढा, एक काडतूस सारा, दांडी वर. दांडी मधोमध, डावा-उजवा भेदच नाही. वर दस्ताही डाव्याचा! तीन आठवड्यांनी शिकारीचा मोसम उघडणार होता. आजवर माद्यांवरच भागवलेलं, नर एल्कचा परवाना अकरा वर्षं सोडतीत चिठ्ठ्या टाकल्यावर यंदा कुठं लागला होता.

मग घेऊन टाकायची की! पण डाव्या खांद्याला लावली असती तर सगळ्यांना कळलं असतं. सगळ्यांचं एक वेळ चाललं असतं, हार्लनचं काय? हार्लन तिचा थोरला भाऊ. गेल्या वर्षी त्याचे हात थरथर कापायला लागले, तेव्हा हिनंच चारचौघांत त्याला सुनावलं होतं, "हात कापतात ना? ठेव ती बंदूक आणि बटाटे तळ." बिचाऱ्यानं सबंध मोसम शिकारीच्या तंबूत निमूट बटाटे तळले. त्याच्यापुढे आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात हार्लनच आला, हातात पायची थाळी, मिशीला साखर.

"एकाच गोळीची?" तो म्हणाला. "आणि चुकली तर? एल्क थांबणार होय, बाई दुसरं काडतूस भरतायत म्हणून?"

"मला दुसरी लागलीये कधी?"

"घ्या! आणि हिची काडतुसं कुठं मिळणार? काकाच्या थडग्यात?"

"अडतीस-पंचावन्न मापाची आहेत," एमेट घाईनं म्हणाला. "दुकानात दुर्मीळ आहेत, पण मी घरी भरतो, लागतील तेवढी देतो. थेल्माबाई, मागच्या मैदानात तीन गोळ्या झाडून बघा. क्लबची रीतच आहे."

न झाडता घेतली असती, तर गावानं त्यावरूनच ताडलं असतं. घोडासुद्धा चार वेळा पळवून बघितल्याशिवाय न घेणारी बाई ती! रायफल खाली ठेवून सफरचंदाचा पाय खायला जाणं सोपं होतं. मग ती स्वतःवरच भडकली. मेला हा लपवालपवीचा धंदा! असल्या भित्र्या बाईला तिनं स्वतः डोंगरावर पाऊल ठेवू दिलं नसतं.

"चल," ती म्हणाली. "हार्लन, तूही चल."

मैदानावर पाच-सहा जण आधीच होते. थेल्मानं दांडी ओढली, काडतूस सारलं, आणि सगळ्यांच्या देखत रायफल डाव्या खांद्याला लावली. गाल दस्त्यावर असा टेकला, जणू म्हाताऱ्यानं तिचंच माप घेतलं होतं. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी किती महिन्यांनी लख्ख दिसली! तिला रडूच फुटलं असतं, पण ती वेळ नव्हती.

पहिली गोळी कागदाच्या कडेला लागली. दुसरी काळ्या वर्तुळाला चाटून गेली. तिसरी बरोब्बर मधोमध.

"आई शप्पथ!" एमेट म्हणाला.

हार्लन हसला नाही. "डाव्या खांद्यावरून का?"

"उजवा डोळा गेलाय. एप्रिलपासून."

त्यानं पायची थाळी गवतावर ठेवली. "एप्रिल? अगं जूनमध्ये मी कुंपणाच्या तारा ओढत होतो, आणि तू माझ्या डोक्यावरून कोयोट कोल्ह्यावर गोळी झाडलीस!"

"हो."

"त्या डोळ्यानं?"

"हो."

"माझे हात कापायला लागले तेव्हा मी स्वतः तुझ्याकडे आलो होतो, थेल्मे. लपवलं नव्हतं."

हे मात्र तिच्या वर्मी बसलं. तिनं मान खाली घातली नाही. "चुकले. फार मोठी चूक केली मी. तुला काही झालं असतं तर..." तिनं दांडी ओढून शेवटचं टरफल पाडलं. "तू म्हण, मी परवाना परत करते."

एमेट उगाचच रिकामी टरफलं वेचायला लागला. हार्लननं निशाणाच्या कागदावरची तिन्ही भोकं एकेक करून बघितली.

"परवाना बिरवाना परत नाही करायचा," शेवटी तो म्हणाला. "रोज संध्याकाळी माझ्यासमोर वीस गोळ्या. याच खांद्यावरून. मला पटलं तर डोंगर, नाही तर नाही."

"कबूल."

तिनं एमेटला नऊशे डॉलर दिले, घासाघीस न करता. रायफल बगलेत धरून ती गाडीकडे निघाली. हार्लन उभा जन्म तिच्या डाव्या बाजूनं चालत आलेला. तो मागून वळसा घालून उजवीकडे आला.

"इकडचं मी बघतो," तो म्हणाला.