जूनचा तिसरा आठवडा

ऑर्लँडोच्या रिसॉर्टमधला जूनचा तिसरा आठवडा रसेलने मुलं लहान असतानाच एकदम पैसे भरून कायमचा घेऊन ठेवला होता. दरवर्षी तोच आठवडा, तशाच दोन बेडरूम, तसंच टीचभर स्वयंपाकघर. डेटनच्या घरून गाडी भरून सगळे यायचे. रसेल पोरांना, पुढे नातवंडांना घेऊन सकाळीच जवळच्या थीम पार्कात जायचा आणि त्याची बायको व्हर्ना मागे राहायची. सगळ्यांचे सँडविच बांधून द्यायचे, ओले पोहण्याचे कपडे धुवायचे, संध्याकाळी दमून येणाऱ्यांसाठी मॅकरोनी शिजवायची. तिचं ऑर्लँडो म्हणजे एवढंच.

यंदा फेब्रुवारीत रसेल गेला. तरी जूनमध्ये सगळे आलेच. आठवडा वाया कशाला घालवायचा, म्हणून.

पण सकाळी उठवायला कुणी नव्हतं. मुलगा ड्वाइट लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलाशी बसला. मुलगी जोलीन पोहण्याच्या तलावाकाठी आडवी झाली. पार्काची तिकिटं फ्रिजवर चुंबकाखाली तशीच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी व्हर्नाच म्हणाली, "टेसा, चल. मला दाखव तरी, तुम्ही इतकी वर्षं कुठे जात होतात ते."

जोलीनची सोळा वर्षांची टेसा पांघरुणातून डोकं काढून म्हणाली, "आजी, तू? या उन्हात? तुझं आइस्क्रीम होईल!"

"होऊ दे. ऊठ."

पार्कात माणसांचा पूर लोटला होता. रसेल नेहमी वाखाणायचा ती नावेची सफर व्हर्नाला बघायची होती. दरवर्षी तो सांगायचा, "एकदा तरी चल गं." ती म्हणायची, "मग रांधणार कोण?"

"आजोबा या नावेत सगळ्यात आधी बसायचे, की शेवटी?" तिने रांगेत विचारलं.

टेसाने आजीकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, आजोबा कशातच बसायचे नाहीत. त्यांना गरगरायचं."

"मग दिवसभर करायचे काय?"

"तिथे बसायचे." टेसाने एका झाडाखालच्या बाकाकडे बोट दाखवलं. "पाय दुखायचे त्यांचे. आम्ही म्हणायचो, चला ना घरी. तर म्हणायचे, 'थांबा रे. तुमच्या आजीला वर्षातून एवढाच आठवडा निवांत मिळतो. लवकर गेलो तर बिचारी पुन्हा कामाला लागेल.'"

व्हर्ना रांगेतून बाहेर पडली.

"आजी, काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही गं. तू जा, बसून ये."

बाकावर बसल्यावर तिला त्या खोलीतल्या दुपारी आठवल्या. कपडे वाळवणाऱ्या यंत्राची घरघर ऐकत ती एकटी खिडकीशी बसायची. रसेलला पार्काचं वेड आहे, त्याच्या आनंदात आपण कशाला मोडता घालायचा, असं वाटून एकदाही ती म्हणाली नव्हती, की आज नको जाऊस, माझ्याजवळ थांब. तो थांबला असता. नुसतं म्हणायचा अवकाश होता.

टेसा परत आली, तेव्हा आजीचे डोळे लाल झाले होते. पोरगी शहाणी, शेजारी येऊन बसली.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ड्वाइटने विषय काढला. "आई, पुढच्या वर्षापासून हा आठवडा जोलीनच्या नावावर कर. मला रजा मिळत नाही."

"माझ्या का?" जोलीन उसळली. "बाबांचा लाडका तू होतास!"

"लाडका असलो म्हणून दरवर्षी इथे येऊन झक मारू?"

"भांडू नका," व्हर्ना म्हणाली. "परत घेत असतील तर मी रिसॉर्टलाच देऊन टाकते. नाही घेतला, तर राहू दे रिकामा. आपण यायचं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई रागावली असावी, असं त्यांना वाटलं. ती रागावलेली नव्हती. टेसाने उठून ताटल्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा व्हर्नाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"राहू देत ताटल्या," ती म्हणाली. "बस जरा माझ्यापाशी."