दुहेरी गाठीचं पुडकं

निरीक्षक बाई म्हणजे मोठं करडं प्रकरण. सफाई खात्याची त्यांची फेरी निघाली की लोक ओला कचरा आणि सुका कचरा असे वेगळे ठेवत, जसं काही दोघांत हाडवैर. घरात मात्र बाईंची मती गुंग झाली होती. सासरे दिवसेंदिवस वाळत चालले होते. सदरा अंगावर नुसता लोंबायचा. सगळ्या तपासण्या केल्या, एकीतही खोट निघाली नाही. त्यांच्यासाठी ठेवलेला दुपारच्या जेवणाचा डबा तर रोज चाटूनपुसून रिकामा. मग खाल्लेलं जातं कुठे? बाईंची आई लहानपणीच गेली होती, लाड म्हणजे काय ते त्यांना या म्हाताऱ्याने दाखवलं. त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्या दिवशी फेरी त्यांच्याच गल्लीत होती. शेजारच्या काकूंच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात पुन्हा कागद आणि सुतळी.

"काकू, किती वेळा सांगायचं? आज नोटीस देणार हं."

"दे बाई," काकू म्हणाल्या. एरवी काकू कसल्या ऐकून घेतात. आज गप्प.

बाईंनी हातमोजा चढवून पुडकं उचललं आणि बघतच राहिल्या. नीट चौकोनी घडी, दुहेरी गाठ, सुतळीचं टोक आत खोचलेलं. सासऱ्यांची हयात पार्सल ऑफिसात बांधाबांध करण्यात गेली होती. केरसुद्धा ते परगावी पाठवायचा असल्यासारखा बांधत. आत सफरचंदाच्या फोडी होत्या, गाजराचे तुकडे होते, पोळीच्या कडा होत्या. चावावं लागेल ते सगळं.

"शपथ घातली होती गं त्यांनी," काकू म्हणाल्या. "बोलता येईना. म्हणून मीच रोज पुडकं अगदी वर ठेवत होते, तुझ्या नजरेला पडावं म्हणून."

बाई तडक घरी गेल्या आणि पुडकं जेवायला बसलेल्या सासऱ्यांपुढे ठेवलं.

"कवळी सैल झालीय," म्हातारा खाली बघत म्हणाला. "हिरड्या सोलून निघतात."

"मग सांगायचं नाही?"

"तू पहाटेपासून राबतेस. त्यात माझं वेगळं शिजवत बसली असतीस. आपला कचऱ्याचा डबा तू बघतेस, म्हणून शेजारी टाकलं."

"बाबा, मी सगळ्या गल्लीचे डबे बघते."

"ते ध्यानातच आलं नाही बघ. मला तू सूनच दिसतेस, निरीक्षक कुठे दिसतेस?"

बाईंना हसू आलं, आणि हसता हसताच रडू फुटलं. "मला वाटलं, आता तुम्हीही जाणार."

म्हाताऱ्याने आपलं ताट हळूच सुनेकडे सरकवलं.

"कालवून दे," तो म्हणाला. "आणि कवळीवाल्याकडे आजच जाऊ."