फोटोत माणूस हवा

सव्वीस वर्षं मी गीझाच्या पिरॅमिडसमोर उंट हाकतोय. एवढ्या वर्षांत पाहुण्यांचे किती फोटो काढले, त्याला गणती नाही. कुणाला पिरॅमिडचं टोक चिमटीत धरायचं असतं, कुणाला तळहातावर. माझा स्वतःचा मात्र तिथे एकही फोटो नव्हता. स्वतःच्या दारासमोर उभं राहून कोण फोटो काढतं?

मग कचेरीत नवे साहेब आले. नव्या साहेबाला नवा नियम लागतोच. परवाना टिकवायचा असेल तर गुरुवारी दोनच्या आत फोटो आणा. त्यात माणूस, उंट आणि पिरॅमिड तिघेही स्पष्ट हवेत. परवाने आता चाळीसच, उंटवाले नव्वद. त्या दिवसापासून माझ्या उंटवाल्या दोस्तांना एकाएकी आजार जडले. ज्याच्या लग्नात मी घाम गाळून नाचलो तो मेतवल्ली म्हणाला, "बासित, अंगठा सुजलाय रे. बटणच दाबवत नाही."

माझा मीच फोटो काढून पाहिला, तर नुसत्या नाकपुड्या आल्या.

गुरुवारी सकाळी एका परदेशी बाईंना गाठलं. "मॅडम, माझा एक फोटो काढा ना. पैसे नकोत." त्यांनी पर्स पोटाशी धरली आणि पाय उचलले. मी मागे धावलो. "खरंच, अगदी फुकट!" बाई चक्क पळाल्या. त्यांना काय दोष देणार? फुकट म्हणून उंटावर चढवायचं आणि खाली उतरायचे पैसे घ्यायचे, ही विद्या आमच्याच गल्लीतली. मीसुद्धा तिच्यावरच पोरं वाढवली. दुपारपर्यंत अकरा जणांनी माझ्या प्रामाणिकपणाला घाबरून पळ काढला.

एक वाजून गेला. शेवटी जाड चष्म्याच्या एका आजींना म्हटलं, "उंटावरून एक फेरी, पाचशे पाउंड!"

आजींचा चेहरा खुलला. "लुटारू आहेस! दोनशे."

"आजी, उंट उपाशी मरेल हो!"

घासाघीस झाली, फेरी झाली, आमची गट्टी जमली. मग त्यांनी माझा फोन घेतला आणि आनंदाने फोटो काढला. मी तो न बघताच कचेरीकडे धावलो.

दोनला पाच मिनिटं होती आणि एकच परवाना उरला होता. माझ्या मागे फक्त मेतवल्ली.

साहेबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "पिरॅमिड छान आलाय. उंटही देखणा. माणूस कुठंय?"

मी वाकून पाहिलं. उंटाने नेमकी तेव्हाच मान वळवली होती. तिच्यामागून माझा एक कान आणि अर्धा फेटा दिसत होता.

"हा मीच, बाशा! साहेब, आईशपथ!"

"कानावर परवाना देऊ?" साहेब हसले. मग त्यांनी मेतवल्लीला पुढे बोलावलं. "तू ओळखतोस याला? हा तोच आहे का?"

माझा जीव टांगणीला लागला. मेतवल्लीने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"उंट ओळखीचा आहे, बाशा," तो साहेबांना हळूच म्हणाला. "माणसाचं काही सांगता येत नाही."

परवाना त्याला मिळाला. बाहेर आल्यावर त्याने खाली मान घालून मला सिगरेट दिली, आणि मी ती घेतली. राग कुठल्या तोंडाने धरणार? त्याच्या जागी मी असतो, तर मी उंटालाही ओळख दिली नसती.