दरवर्षी पास

रक्ततपासणी जवळ आली, की शिंपीमास्तरांच्या घरात परीक्षेचं वातावरण पसरे. तेल बंद, गोड बंद. बायकोचं बोलणं तेवढं चालू. शिवाय मेहुण्याला डॉक्टरांनी दिलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मास्तर महिनाभर गुपचूप गिळत. मेहुणाही उदार. स्वतः त्या नियमित घेत नसल्यामुळे उरतच असत.

मास्तरांचे वडील दुकानातच, मशीनवर बसल्या बसल्या, छाती धरून गेले होते. म्हणून डॉक्टरांनी तपासणी बजावून सांगितली होती. मास्तर ती चुकवत नसत आणि दरवर्षी पास होत. रिपोर्ट हातात पडला, की त्याच संध्याकाळी कढईत तेल तापे आणि गोळ्या पुढल्या वर्षापर्यंत सुट्टीवर जात.

"अहो, फसवताय कुणाला?" काजं करता करता बायकोनं एकदा विचारलं. "गिऱ्हाईक पोट आत ओढून माप देतं, तेव्हा तुम्ही काय म्हणता?"

"श्वास सोडा म्हणतो."

"का?"

"नाहीतर पँट घरी जाऊन उसवते, आणि शिव्या शिंप्याला."

"मग तुम्ही तरी दुसरं काय करताय? रक्ताचं पोट आत ओढून डॉक्टरांना माप देताय! त्यांनी औषध बेतायचं कशावर?"

"तू बटणं लाव," मास्तर म्हणाले. वादात हरलेला नवरा हमखास कामाचं बोलतो.

आणि एका दुपारी कोटाचं कापड बेतताना मास्तरांच्या हातातून कात्री गळाली. पाठोपाठ मास्तरही.

"जीव वाचलाय," डॉक्टर म्हणाले, "पण हृदयाचा मोठा भाग गेला. तो काही परत यायचा नाही. मला एक कळत नाही, तुमचे रिपोर्ट तर दरवर्षी उत्तम!"

मास्तरांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जुने रिपोर्ट बाजूला सारले.

"खरा आकडा दिसला असता, तर मी औषध कधीच सुरू केलं असतं. बहुतेक त्याच गोळ्या, मास्तर. फक्त रोज घ्यायच्या."

आता न्हाणीघरापर्यंत जाऊन आलं तरी मास्तरांना धाप लागते. मशीनवर चादर पडली आहे. भेटायला धाकटा भाऊ आला, तसा मास्तरांनी त्याचा हात धरला.

"तू उद्याच रक्त तपासून घे. वडील तुझेही तेच होते. सांगतील तेवढा वेळ उपाशी राहा, पण जास्तीचं नाटक नको. आहेस तसा जा! माझं वाटोळं झालं ते पास होण्याच्या हावेपायी!"

भावाचे डोळे भरून आले. "जातो ना, दादा. तुझी शपथ. फक्त महिनाभर थांब, जरा वजन उतरवतो." मग वहिनीची पाठ वळल्याचं बघून तो हळूच म्हणाला, "त्या गोळ्यांतल्या काही उरल्यात का रे?"

मास्तरांना ओरडायचं होतं. पण ओरडायला दम लागतो, आणि तो आता डॉक्टरांनी मोजूनमापून खर्चायला सांगितला होता.

तेव्हा मंडळी, त्यांच्या वतीनं आपणच ओरडू या. रक्ततपासणी ही काही अब्रूची परीक्षा नव्हे! रोज जसे जगता, तसंच रक्त डॉक्टरांना दाखवा. इथं वेळेवर नापास झालेला माणूस पथ्यपाण्यानं, औषधानं पुष्कळ वर्षं काढू शकतो.

मास्तर मात्र एकदाही नापास झाले नाहीत.