निकोलासाचा खुबा

या, बसा त्या पोत्यावर. घाई असेल तर आत्ताच उठा, कारण ही गोष्ट मी अर्धी सोडत नसतो. आमच्या डोंगरातल्या सोराकांचा नावाच्या गावात हाडं बरी करणारा एक माणूस आला होता, त्याची सांगतो. मधेमधे हसू येईल. हसून घ्या.

रविवारचा बाजार आटपला आणि चर्चपुढच्या पटांगणात अख्खं गाव गोळा झालं. मधोमध बसला होता ताय्ता आबुंदियो. ताय्ता म्हणजे बाबा. कुणालाही बाबा म्हणून टाकायची आमच्या गावाला भारी हौस. गळ्यात गिधाडाचं नख, मांडीवर लाल शाल, पुढ्यात टोपली, टोपलीत जिवंत कुई. अहो तेच, चुलीपाशी गवत कुरतडत फिरणारे, बिनशेपटीचे, सशाच्या पिल्लाएवढे. आम्ही ते खातो. दुखणाईताच्या अंगावरून कुई फिरवायचा, मग चिरून आत काय बिघडलंय ते बघायचं, ही रीतही आमची जुनीच. पण आबुंदियोचं दुकान त्याच्या पुढचं. माणसाचं मोडलेलं हाड म्हणे कुईच्या अंगात जातं, आणि माणूस उठून चालायला लागतो.

"हाड म्हणजे हट्टी गाढव," तो सांगत होता. "डॉक्टर त्याला खिळे ठोकतो. मी त्याला नुसतं दुसऱ्या गोठ्यात पाठवतो."

बटाटे विकणाऱ्या बाईचं मनगट सुजलं होतं. आबुंदियोनं शालीखालून कुई तिच्या हातावर फिरवला, काहीबाही पुटपुटला. कट्ट करून आवाज आला. मेलेला कुई बाहेर काढून सोलला, तर त्याचा पुढचा पाय मधोमध मोडलेला.

"आलं बघ तुझं मनगट इकडे. हलव बोटं."

बाईनं बोटं हलवली. बाया रडायला लागल्या. अरे, पोतं उचलताना लचकलेलं मनगट ते, बोटं आधीही हलत होती. पण हे बोलणार कोण?

गर्दीच्या कडेला म्हातारा इलारिओन उभा होता. त्याच्या मागे दाराची फळी, फळीवर घोंगडीत गुंडाळलेली त्याची बायको निकोलासा. गेल्या आठवड्यात पायरीवरच्या हिमावरून घसरली होती. तेव्हापासून उजवा पाय आखूड दिसत होता आणि पंजा बाहेरच्या बाजूला पडलेला. आरोग्यकेंद्रातली नर्स योवाना घरी येऊन बघून गेली होती.

"खुब्याचं हाड मोडलंय, आजी," ती म्हणाली होती. "या वयात बाईचं हाड आतून विरळ होतं, शिळ्या पावासारखं. जन्मभर चीज केलंत आणि सगळं बाजारात विकलंत, स्वतः किती खाल्लंत? आता शहरात जाऊन आत खिळा बसवायचा. लवकर. अंथरुणात पडून राहिलात तर छाती भरेल."

निकोलासानं नवऱ्याच्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं. "याचा तिथंच ठेवून घेतला."

डावा पाय लाकडाचा होता, गुडघ्याखाली. इलारिओननं तिला शंभरदा सांगितलं होतं, की खाणीत नडगी मोडल्यावर गावच्याच हाडवैदानं पट्टी इतकी आवळली, की पाय इथेच काळा पडला. शहरात फक्त कापला. तिला मात्र ती करवत तेवढी आठवायची.

तिच्याच हट्टानं तिला इथं आणली होती, पण तिचा नंबर यायच्या आत इलारिओन स्वतःच पुढे झाला. आज त्यानं लाकडावर लोकरीचं जाड कातडं गुंडाळलं होतं, वर घट्ट विजार, खाली रबरी बूट. गावाला सगळं माहीत, आबुंदियोला काही माहीत नाही. कुणी हसलं नाही. बाबा खरा निघावा असंच सगळ्यांना वाटत होतं.

"काय होतंय, म्हाताऱ्या?"

"डाव्या नडगीत ठणका आहे, ताय्ता. पडलो होतो."

शाल पसरली. कुई फिरला. कट्ट. आबुंदियोनं सोलून दाखवला. "बघ, नडगीच. उभी चीर होती तुझ्या हाडाला. आता नाचशील."

इलारिओननं बूट काढला, विजार वर केली, कातडं सोडलं आणि काठीनं लाकडावर टकटक केलं.

"हे निलगिरीचं आहे, ताय्ता. याची चीर सुताराला दाखवू का तुम्हालाच?"

आता मात्र पटांगण खदखदलं. कुणीतरी मागून म्हणालं, "माझ्या टेबलाचा पाय डुगडुगतो, एक कुई त्याच्यावर पण फिरवा."

पण आबुंदियो मुरलेला होता. शांतपणे म्हणाला, "हसा. गेलेला पाय अजून दुखतो, हे याला विचारा. कुईनं तोच पकडला."

हसू जागीच थांबलं. फळीवरून निकोलासा म्हणाली, "खरंय ते. रात्री तळवा खाजतो म्हणतोस की तू. नसलेला."

"खाजतो," इलारिओन म्हणाला. "योवाना म्हणते, पाय गेला तरी डोक्यातली त्याची आठवण जात नाही. पण हे कट्ट कुठून आलं, ते बघायचंय का?"

त्यानं टोपलीतला एक कुई उचलला. नाव घेतलं नाही, मंत्र म्हटला नाही. शाल घेतली, कुई तिच्याखाली धरला, तोंड दुसरीकडे फिरवलं. कट्ट. मग शाल काढून फेकली. त्याचा अंगठा कुईच्या पायावर तसाच दाबलेला होता.

"हा कुणाच्या अंगावरून फिरला? कुणाचं हाड बरं झालं? अंगठा आहे, बाबांनो. शाल कशाला लागते ते कळलं?"

बटाटेवाली आपल्या मनगटाकडे बघत राहिली. आबुंदियो टोपली आवरायला लागला.

"थांबा, ताय्ता," निकोलासा म्हणाली.

इलारिओन फळीपाशी खाली बसला. "अगं, बघितलंस ना तू?"

"बघितलं. आंधळी नाही मी."

"मग?"

"इथे अंगठा आहे. तिथे करवत आहे." तिनं त्याचा हात धरला. "तू माझ्यासाठी एवढ्या लोकांत पाय उघडा केलास. राग मानू नकोस."

त्यानं भावकीला सांगून बघितलं, योवानाला बोलवायला माणूस पाठवला. भावकी म्हणाली, तिचा खुबा, तिची मर्जी. आबुंदियोनं शाल पुन्हा पसरली. त्यालाही जरा संकोच वाटला असावा, कारण या वेळी त्यानं मंत्र हळू म्हटला. मग म्हणाला, "उठ, आई."

गर्दीतल्या दोघींनी काखेत हात घालून तिला उभी केली. तिनं उजवा पाय टेकला आणि भार टाकला. या वेळचा आवाज शालीखालून आला नाही.

योवाना पोचली तेव्हा आबुंदियो ट्रकवर चढून पुढच्या गावाला निघाला होता. कुणी अडवला नाही. दोन बायांनी तर त्याला वाटेसाठी चीज दिलं.

आता निकोलासा खिडकीखाली पडून असते. पाठीला जखमा झाल्यात. छातीत घरघर. शहरातनं निरोप आलाय, की आता ती भूल सोसणार नाही, आणू नका. इलारिओन दिवसातनं कितीदा तिला कुशीवर वळवतो. ती एकदाच म्हणाली, "खिळाच होता ना रे तो? करवत नव्हती?" तो म्हणाला, "खिळाच होता."

माझं एवढं ऐका. आबुंदियो आता वरच्या खोऱ्यात बसलाय, गर्दीही जमलीय. तिकडे तुमची आई, मावशी, कुणी पडली असेल, पाय आखूड, पंजा बाहेर वळलेला, तर चोळू नका, उभी करू नका. फळीवर निजवा, पाय हलू देऊ नका आणि सरळ शहराच्या वाटेला लागा. आत खिळा कसा बसतो ते वाटेत तिला नीट समजावून सांगा, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती रडेल, तुमचा बाप काढेल. काढू द्या. तुम्ही फळी खाली ठेवू नका.