चूक मॅडमची होती

माझा स्वभाव तापट आहे, हे मीच आधी सांगते. म्हणजे पुढचं ऐकून तुम्हाला नवल वाटायला नको. १९९९ साली नवी मुंबईत महापेच्या एका कंपनीत मी टीम लीडर होते. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे जुने प्रोग्रॅम दोन हजार सालासाठी दुरुस्त करायचं काम. नियम असा, की एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासायचा आणि चुका सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या. कागदावर झकास! प्रत्यक्षात सीनियरच्या प्रोग्रॅमवर ज्युनियर डोळे मिटून ‘ओके’ लिहायचे.

माझा प्रोग्रॅम मोनालीने तपासला होता. नेरूळची मुलगी, वडील मार्केटात माथाडी, ऑफिसात नोकरी करणारी घरातली पहिलीच. प्रोबेशन संपायला आठवडा उरला होता. तिने ‘ओके’ लिहिलं, प्रोग्रॅम अमेरिकेला गेला आणि तिकडून बोंब आली: २९ फेब्रुवारी २००० ही तारीखच तो घेत नाही.

आमचे मॅनेजर नंदकुमार सर भडकले. “तपासलं कोणी? मोनालीने? तिला कन्फर्म करायचं नाही.”

मी मोनालीला जिन्यात गाठलं. “डोळे कुठे होते गं तुझे?”

“दिसलं होतं, मॅडम,” ती म्हणाली. “पण चार लोकांत तुमची चूक कशी काढायची? म्हणून आधी तुम्हालाच सांगायला दोनदा आले होते. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस.”

अगदी माझंच वाक्य. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मीटिंग. सरांनी “चूक कोणाची?” विचारलं, आणि ही पोरगी उठून म्हणते, “माझी, सर.”

“बस खाली!” मी ओरडले. “सर, लीप वर्षाचा नियम मी चुकीचा लिहिला. हिला ते दिसलं होतं. मी ऐकून घेतलं नाही.”

सर तिच्याकडे वळले. “खरं का?”

नोकरी जायची वेळ आलेली, आणि ही बाई उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघतेय! बोलू का, म्हणून. सहा महिने मी तिला हेच शिकवलं होतं.

“बोल गं,” मी म्हटलं. “स्पष्ट बोल.”

“हो सर.” तिचा आवाज कापत होता. “चूक मॅडमची होती.”

सरांनी तिचा कन्फर्मेशनचा कागद पुढे ओढला आणि सही केली. मला मात्र ते वाक्य झोंबलं, खोटं कशाला बोलू? घरी पोचेपर्यंत कान गरम होते.

दुसऱ्या दिवशी माझा नवा प्रोग्रॅम मी तिच्याच हातात दिला. तिने सगळ्यांसमोर सात चुका वाचून दाखवल्या. सातवी वाचेपर्यंत तिचा आवाज कापायचा थांबला होता.